फुफ्फुसांच्या काचपट्ट्या

बावीस वर्षं मी प्रयोगशाळेत उंदरांच्या गाठींच्या चकत्या कापतेय. केसाहून पातळ. त्या काचपट्टीवर चढवायच्या, रंगवायच्या आणि त्यातल्या रक्तवाहिन्या मोजायच्या. मोजणं माझं काम, कुठे मोजायचं ते साहेब ठरवतात.

साहेबांनी औषध शोधलंय. कर्करोगाची गाठ म्हणे ‘रक्त पाठवा’ असा निरोप धाडते, वाहिन्यांवरचे रिसेप्टर तो झेलतात आणि वाहिन्या गाठीत घुसतात. औषध त्या रिसेप्टरांची तोंडं बंद करतं. आता औषध दिलेल्या उंदरांच्या वाहिन्या मोजायच्या गाठीच्या मधोमध, जिथे सगळं आधीच मेलेलं. न दिलेल्यांच्या मोजायच्या कडेला, जिथे वाहिन्यांची नुसती झुंबड! मग फरक दिसेल नाहीतर काय? साहेब याला अनुभव म्हणतात.

एकदा मी आपणहून त्याच उंदरांची फुफ्फुसं कापली. औषध दिलेल्या आठांपैकी सहांच्या फुफ्फुसांत गाठीच्या पेशी बिऱ्हाड थाटून बसलेल्या. न दिलेल्या आठांत दोघांच्याच. गाठीची रसद तोडली की पुष्कळ पेशी मरतात, पण उरतात त्या पोटासाठी गाव सोडतात.

साहेबांनी काचपट्ट्या पाहिल्या. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे कापायला?”

“कोणी नाही.”

“मग कापलंच नाही असं समजा.”

मीही समजले. नोकरी होती ना! अहवाल गेला, औषध माणसांवर तपासायची परवानगी आली आणि वरच्या मजल्यावरच्या रुग्णालयात रुग्णांची यादी लागली.

परवा ताईचा फोन. तिलाही कर्करोग आहे, पण गाठ अजून जागच्या जागी आहे, कुठे पसरलेली नाही. “अगं, तुझ्या साहेबांनी माझं नाव पहिलं घातलं! तुझ्या ओळखीने हं.” बिचारी हरखली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांना गाठलं. “ताईचं नाव काढा.”

“अहो, आपल्या माणसासाठी म्हणून घातलं! अहवाल वाचलात ना?”

“ताईच्या छातीत अहवाल नाही साहेब, फुफ्फुसं आहेत.”

वाटलं, आता चिडतील. छे! शांतपणे पेन काढलं आणि नाव खोडलं. “बरं. यादीतल्या खालच्या बाईंना वर घेतो. झालं समाधान?”

खरं सांगते, झालं. जिना उतरेपर्यंत अगदी हलकं वाटलं. मग माझीच मला शिसारी आली. त्या बाईंच्या घरात चकत्या कापणारं कोणी नाही, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

कपाटातून काचपट्ट्यांचा डबा काढला आणि परवानगी देणाऱ्या कमिटीच्या टेबलावर नेऊन आदळला. चिटणीसबाईंनी एकेक पट्टी उजेडात धरली, तारखा वाचल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“या तर आठ महिन्यांपूर्वीच्या आहेत. एवढे दिवस का नाही आणल्यात?”

“एवढे दिवस,” मी म्हटलं, “यादीत माझं कोणी नव्हतं.”