ठावठिकाणा नसलेली बहीण

“आये, तुझं खरं नाव काय?”

कुशाबाई मेथीच्या वाफ्यात वाकून गवत उपटत होती, ती तशीच वाकलेली राहिली. अडुसष्ट वर्षांच्या बाईला पोटचा पोरगा भर उन्हात बांधावरून नाव विचारतो, म्हणजे एक तर त्याला ऊन लागलंय, नाहीतर कंपनीनं काढून टाकलंय.

“काढलं का रं तुला?”

“न्हाई गं. फर्स्ट शिफ्ट सुटली. लग्नाआधीचं नाव सांग.”

“चंपा. कशापायी?”

गणराजनं बांधावरच बसकण मारली. खाली बसायला बांध शिल्लक होता हेच नशीब. निघोज्यात कुशाबाईचं एवढंच दहा गुंठे रान उरलेलं. दोन बाजूंना कंपनीची भिंत, तिसऱ्या बाजूला गोडाऊन आणि चौथ्या बाजूला रस्ता, त्यावर कंटेनरांची रांग. फाल्गुनातलं ऊन भिंतीवर आपटून परत वाफ्यात पडायचं. म्हणजे आमच्याकडच्या मेथीला एका सूर्यात दोन सूर्य मिळतात. धूळ वरून मोफत.

गणराजनं मोबाईल पुढं धरला. मामाच्या गावच्या पंचायतीत लागलेल्या नोटिशीचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला होता. माळावरचं वावर बावीस वर्षांपूर्वी कंपन्यांसाठी घेतलं, त्याच्या मोबदल्यातला एक हिस्सा अजून कुणी उचललेला नाही. चंपा खंडू गवारी हिनं किंवा तिच्या वारसांनी तीस दिवसांत हजर व्हावं. व्याज धरून रक्कम सहा लाख अठरा हजार.

“ही चंपा तूच की गं!”

कुशाबाईनं हातातलं गवत खाली ठेवलं. “दादा तर म्हणला व्हता, वावर फुकापासरी ग्येलं. दोन वक्ताचं खायालाबी पुरलं न्हाई म्हणला.”

त्या न पुरलेल्या पैशात दादासाहेबांनी दोन मजले चढवले होते. पण बहिणीनं भावाच्या घराचे मजले मोजू नयेत, अशी आमच्याकडे रीत आहे. तिनं ती पाळली होती.

“त्याला ठाऊक नसंल,” ती म्हणाली. मग हाताची माती झटकत, “गणा, या पैशात इजूला हितंच एक खोली बांधू. पोर भोसरीत भाड्याच्या खोलीत कुजती बघ.”

इजू म्हणजे विजयश्री, तिची थोरली. नवऱ्यानं सोडल्यापासून भोसरीच्या वर्कशॉपात वॉशर मोजून पिशव्या भरते.

“बघू की,” गणराज म्हणाला.

शेजारी म्हणून मी त्या वेळी तिथंच पाइपात अडकलेलं गवत काढत होतो. ‘बघू की’ हा शब्द मला तेव्हाच जरा हलका वाटला. पण दुसऱ्याच्या घरातला शब्द आपण कशाला तोलायचा?

*

कुशाबाई आणि गणराजबरोबर मीही तालुक्याच्या ऑफिसात गेलो. भूसंपादनाच्या टेबलावर योगिनीमॅडम होत्या. बाई सरळ. सरळ माणसाच्या टेबलावर फायलींचा ढीग जास्त असतो, एवढाच काय तो तोटा.

“आजी, आधार कार्डावर तुम्ही कुशाबाई. निवाड्यात नाव चंपा. दोघी एकच, हे कशावरून?”

“आता गं बया! म्याच तर हाय.”

“शाळेचा दाखला?”

“शाळा पोरांची व्हती. आमाला श्येरडं व्हती.”

“लग्नात नाव बदललं त्याचा काही कागद?”

कागद नव्हता, पुरावा मात्र होता. पन्नास वर्षांपूर्वी नवरदेवानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘कुशा’ असं लिहिलं आणि सगळ्या वऱ्हाडानं ते वाचलं. संध्याकाळी त्याच तांदळाचा भात झाला. म्हणजे सरकारी पुरावा वऱ्हाडानं आमटीबरोबर खाल्ला.

मॅडम हसल्या नाहीत. “मग माहेरच्या जवळच्या माणसानं माझ्यासमोर येऊन ओळखावं लागेल. जबाब द्यावा लागेल.”

“एवढंच व्हय?” कुशाबाईचा चेहरा असा फुलला की बस. “मंग सोप्पं झालं की! माझा सख्खा भाऊ हाय. दादासायेब. नदीच्या पल्याड तर ऱ्हातोय. दरसाल भाऊबीजेला ववाळते म्या त्येला.”

मॅडमनी फाईल उघडली, मिटली, परत उघडली.

“आजी, ही नोटीस आम्ही उगाच लावली नाही. एक अर्ज आला म्हणून लावावी लागली. हिस्सा दुसऱ्याला द्यायच्या आधी जाहीर नोटीस लावायचा नियम आहे.”

“कुणाचा अर्ज?”

मॅडमनी वाचून दाखवला. ‘माझी बहीण चंपा हिचा गेली चाळीस वर्षे ठावठिकाणा नाही. सबब तिचा हिस्सा जवळचा वारस म्हणून मला मिळावा. आपला विश्वासू, दादासाहेब खंडू गवारी.’

ऑफिसात पंखा फिरत होता. कुशाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला, जणू आत कुणी वडीलधारं आलंय.

“परत वाचा.”

मॅडमनी परत वाचला.

“तारीख काय हाय त्येच्यावर?”

मॅडमनी तारीख सांगितली. मी मनातल्या मनात दिवाळी मोजली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. म्हणजे आदल्या दिवशी दादासाहेबांनी ठावठिकाणा नसलेल्या बहिणीच्या हातचे चार अनारसे खाल्ले होते. तिच्या गावाहून त्यांच्या गावाला शेअर रिक्षाला माणशी वीस रुपये पडतात.

कुशाबाईच्याही ते ध्यानात आलं. “अनारसं ग्वाड झालंय म्हणला,” ती म्हणाली. “दोन ठिवूनबी घेतलं.”

मग तिनं एकच विचारलं, “बावीस वर्सं का न्हाई अर्ज केला त्येनं?”

उत्तर मॅडमनी द्यायची गरज नव्हती. आधी अर्ज केला असता तर बहिणीची सही लागली असती, सही मागितली असती तर बहिणीला कळलं असतं. त्यापेक्षा पैसा सरकारात पडून राहिलेला बरा. आपल्याला खाता येत नाही ना, मग तिलाही कळायला नको. यंदा नातू सिद्धेशनं कुठूनतरी ही ‘ठावठिकाणा नाही’ची वाट शोधून काढली. सिद्धेश वाकडच्या एका ऑफिसात असतो. शिकलेल्या नातवाचा आजोबांना कधी ना कधी उपयोग होतोच.

*

पुढच्या सोमवारी मॅडमनी दोन्हीकडच्यांना बोलावलं. कुशाबाईनं मला सकाळीच हाक मारली. तिच्यासोबत एक तांब्याचा हंडा होता, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. गणराजच्या मोटरसायकलवर तो बसेना, म्हणून माझी गाडी.

“आये, हंड्यात पैसे आणायचेत का?” गणराज म्हणाला.

“गप ऱ्हा.”

दादासाहेब सिद्धेशचा हात धरून आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी. बहिणीच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीत बसले.

मॅडमनी विचारलं, “बाबा, या समोर बसलेल्या बाई तुमची बहीण चंपा आहेत का?”

आता माणूस देवभोळा. कागदावर नातवानं खोटं लिहिलं त्यावर सही केली, तेव्हा काही वाटलं नाही. सहीला तोंड नसतं. पण पन्नास दिवाळ्या ओवाळत आलेल्या बाईसमोर जिभेनं ‘नाही’ म्हणवेना. आणि ‘हो’ म्हटलं की सहा लाख अठरा हजार गेले. दादासाहेबांनी डोळे बारीक केले, मान डावीकडं केली, उजवीकडं केली.

“मोतीबिंदू हाय सायेब,” ते म्हणाले. “कुनीतरी म्हातारी दिसती. चंपा हाय का न्हाई, ते काय दिसत न्हाई.”

“आवाज तरी ओळखा की!” गणराज उसळला.

“आजोबांना कमी ऐकू येतं,” सिद्धेश म्हणाला. हेही नवीनच होतं. जिन्यात चहावाल्यानं हळूच ‘चहा?’ विचारलं, तेव्हा दादासाहेबांनी बरोबर ऐकून ‘बिनसाखरेचा’ सांगितलं होतं.

कुशाबाई उठली. तिनं खालचा हंडा उचलला आणि मॅडमच्या फायली बाजूला सारून भावाच्या पुढ्यात ठेवला. तांब्याचा आवाज सगळ्या ऑफिसात गेला. पलीकडच्या टेबलावरचे शिपाई रंगराव उठून आले.

“दादा, डोळ्यानं दिसत न्हाई न्हवं? मंग बोटानं वाच.”

हंड्याच्या गळ्याखाली नाव घातलेलं होतं. जुन्या भांड्यांवर नाव छिन्नीनं ठोकून घालायचे, टिंबाला टिंब लावून. पन्नास वर्षांत घासून घासून तांबं झिजलं, पण टिंबं बोटाला लागत होती. कुशाबाईनं भावाचा हात धरला आणि पहिल्या अक्षरावर टेकवला.

दादासाहेबांचं बोट हलेना. मग हललं.

“चं…” ते म्हणाले. “पा.”

“म्होरं.”

“हिस… बंधू…”

बोट थांबलं. पुढचं नाव त्यांनी स्वतः, बहिणीच्या लग्नात हंडा देताना, चाकणच्या दुकानात उभं राहून घालून घेतलं होतं. दुकानदार अक्षराला दहा पैसे घ्यायचा, म्हणून आडनाव गाळलेलं. तेवढी काटकसर नसती तर मॅडमचं काम आणखी सोपं झालं असतं.

“म्होरं वाच की दादा. कुना बंधूचं नाव हाय?”

“आजोबा, काही बोलायची सक्ती नाहीये,” सिद्धेश म्हणाला.

“माझं हाय,” दादासाहेब म्हणाले. “आन् ही चंपाच हाय.”

मॅडमचं पेन तोवर सुरू झालं होतं. “हंडा पुराव्याच्या यादीत बसत नाही,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, “पण जबाब बसतो. इथं सही करा बाबा.” सहीची जागा त्यांना बरोबर दिसली.

जिन्यात दादासाहेबांनी डोळे पुसले. मोतीबिंदूच्या डोळ्यालाही पाणी येतं, असं म्हणतात.

“चंपे, यंदाच्या भाऊबीजंला येशील न्हवं?”

कुशाबाई हंडा कमरेवर घेऊन दोन पायऱ्या उतरली होती. “ठावठिकाणा लागला तर यीन,” ती म्हणाली.

पण गाडीत बसल्यावर हंडा मांडीवर घेऊन ती चाकणपर्यंत त्या टिंबांवरून अंगठा फिरवत होती. मी आरसा वर केला.

*

पंधरा दिवसांनी मंजुरी आली. पैसे घ्यायच्या कागदांवर अंगठा द्यायचा, की झालं. कुशाबाई नवं लुगडं नेसून आली होती. गाडीत सगळा वेळ खोलीचं चाललं होतं. खिडकी पूर्वेला काढायची, इजूला सकाळचं ऊन लागतं. मोरी आतच, पोरीनं बाहेर जायला नको. गणराज पुढं बसून मोबाईलमध्ये टेंपोचे फोटो बघत होता.

कागद गणराजनंच बाहेरून टाइप करून आणले होते, मॅडमचा वेळ वाचावा म्हणून. महिनाभर आईसाठी शिफ्टा बदलल्या, खाडे केले, ऑफिसाच्या पायऱ्या झिजवल्या. पोरगा गुणाचा, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

“आजी, अंगठा देणाऱ्याला कागद वाचून दाखवायचा नियम आहे,” मॅडम म्हणाल्या.

“वाचू नका मॅडम, साधं फॉरमॅट हाय,” गणराज म्हणाला.

मॅडमनी वाचलं. ‘मी कुशाबाई ऊर्फ चंपा, लिहून देते की सदर रक्कम माझा मुलगा गणराज याच्या खात्यावर जमा करावी. गणराज याच्याखेरीज मला अन्य कोणीही वारस नाही.’

वर पंखा तोच होता.

कुशाबाईनं पोराकडं बघितलं. पोरानं खिशातून मोबाईल काढला, बघितला, परत ठेवला.

“ताईला मी बघंन की गं आये. दिवाळीला चांगली भारीतली साडी घिऊ तिला. हितं दे अंगठा.”

शाईचा डबा रंगरावांनी उघडून ठेवला होता. कुशाबाईनं अंगठा शाईत बुडवला. कागदावर आणला. डावीकडं नेला, उजवीकडं नेला आणि हवेतच धरून ठेवला.

“कुटं?”

“हितं, हितं! ह्या रेघंवर.”

“मला न्हाई दिसत रं गणा,” ती म्हणाली. “मोतीबिंदू हाय. माझ्या माहेरी समद्यास्नीच हाय. मला वाटलं, तुझ्यापातूर तरी यायचा न्हाई.”

मग मॅडमकडं वळून म्हणाली, “बाई, कोरा कागद काढा. आन् लिवा, दोन वारस. इजूचं नाव आदी.”