लांडग्याचा चाप

बांधाकडून 'कट' असा आवाज आला आणि रुद्रम्माच्या हातातलं खुरपं गळून पडलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

"आत्या, हलू नका! पाय उचलू नका!" ओरडतच ती धावली.

तिची सासू इरम्मा बोरीखाली उभी होती. उजवा पाय घोट्यापर्यंत पाचोळ्यात. त्या पाचोळ्याखाली लांडग्यासाठी मांडलेला चाप होता.

माकणीच्या शिवारात त्या हिवाळ्यात लांडग्यानं उच्छाद मांडला होता. इरम्माच्या दोन गाभण शेळ्या त्यानं फाडल्या. निजामाच्या राज्यात साध्या शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना कुठला मिळायला? मग रुद्रम्मानंच डोकं चालवलं, आणि नवऱ्यानं, ईरण्णानं, लोहाराकडून चाप घडवून आणला. दोन दातेरी जबडे, मधे पत्र्याची थाळी, दोन्ही टोकांना जबडे मिटवणारी, मोडक्या मोटारीच्या कमानीची स्प्रिंगदार पाती. पहिल्या खेपेला थाळीला नख लागताच जबडे मिटले आणि लांडगा नुसते केस सोडून पळाला. म्हणून तिनं खटका बदलला. आता थाळी दबली की खटका सुटायचा, पण जबडे मिटायचे ते पाय वर उचलताना. तोवर पाय पुरता आत आलेला असायचा.

त्या थाळीवर आज सासूचा पाय होता, आणि ईरण्णा येरमाळ्याला गेला होता.

"माझ्या वाटंवरच मांडलास व्हय गं?" इरम्माचा आवाज करडा होता.

"कालच जागा बदलली, आत्या. सांगायचं ऱ्हायलं. चुकलं माझं."

रुद्रम्मानं पाचोळा हलक्या हातानं सारला. जबड्यांत धोंडा घालावा, तर तो निसटला की पाय गेलाच. दोन्ही पाती एकदम दाबली तर जबड्यांचा जोर जाणार होता. पण एकेका पात्याला एकेका माणसाचं सगळं वजन लागायचं. आसपास चिटपाखरू नव्हतं. दुसरं माणूस म्हणजे इरम्माच.

तिनं सासूचा डावा पाय धरून पात्यावर टेकवला आणि स्वतः समोरच्या पात्यावर चढली.

"माझे दंड धरा. आता सगळा भार डाव्यावर घ्या. उजवा उचलू नका अजून."

म्हातारीची नखं दंडात रुतली. पाती करकरत बसली. जबडे ढिले पडले.

"काढा उजवा."

इरम्मा हलेना.

"आत्या, म्या हितंच हाय. तुमचा पाय निघंस्तोवर उतरत न्हाय."

म्हातारीनं डोळे मिटले आणि पाय उपसून बाहेर टेकवला. तोच रुद्रम्मानं तिला मागं ढकललं आणि स्वतः उडी मारली. खाडकन जबडे मिटले. रुद्रम्माच्या लुगड्याचा पदर तेवढा दातांत अडकून टरकला.

रुद्रम्मानं दातांत अडकलेली चिंधी ओढून काढली.

"मोडून टाकते ह्याला," रुद्रम्मा म्हणाली.

"आन् शेळ्या?" इरम्मा घोटा चोळत होती. "मोडू नगं. दिवसा ह्याचं तोंड मिटणार न्हाय असं काय तरी कर."

रुद्रम्मानं खटक्याला भोक पाडून घेतलं. उजाडलं की त्यात खीळ घालायची, अंधार पडायच्या आत काढायची.

पौषात लांडगा सापडला. ईरण्णानं काठीनं त्याला संपवलं. सारं गाव बघायला लोटलं. इरम्मा मात्र चुलीपुढून उठली नाही.

"लवकर मेला का गं?" तिनं एवढंच विचारलं.

रुद्रम्मा तिच्याशेजारी चुलीपुढं बसली. "न्हाय, आत्या."