वाट्याचं दूध

शिशाची लाल भुकटी दळणाऱ्या त्या म्हाताऱ्याला कारखान्यात सगळे लालबुवा म्हणत. भुवया लाल, नखं लाल, शिंकला तर रुमाल लाल.

दळणावरच्या माणसांना दुपारी पेलाभर दूध मिळे. त्यानं विष उतरतं म्हणे. लालबुवा ते किटलीत ओतून यंत्राशेजारच्या खिळ्याला अडकवी. झाकण कधीच हरवलेलं. किटलीच्या तोंडाला गळ्यातलं फडकं बांधी. आधी नीट झटकून.

"अरे, पी की स्वतः!" जोडीदार म्हणे. "शिसं तुझ्या पोटात, दूध नातीच्या?"

"माझं काय, मी झिजलेलं जातं. तिची हाडं भरायचीत."

संध्याकाळी नात पेला धरून दारात. "घोट घे गं, घोट घे, हाडं होऊ दे दगडाची," तो गुणगुणे आणि ती ओठांवर दुधाच्या मिशा काढून हसे.

मग ती जिन्यात मध्येच बसू लागली. पोट धरून. चिवचिव आटली. "आबा, हिला काय होतंय हो?" सून म्हणाली. लालबुवानं जोडीदाराचाही वाटा मागून आणला. किटली काठोकाठ भरली.

रक्त तपासलं. शिसं निघालं.

"घरी कुणी शिशाचं काम करतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आबा करतात. पण कपडे तिथंच बदलतात, अंघोळ करून येतात," सून म्हणाली. "आणि हिला रोज दूध आणतात तिथलं. किटलीतून."

किटली सुनेच्या पिशवीतच होती. बाईंनी काठाच्या आतून बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"शिसं उतरेल हळूहळू," त्या म्हणाल्या. "पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही."

दाराशी उभा लालबुवा त्या बोटाकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी वाट्याचं दूध आलं. त्यानं ते उभ्यानंच पिऊन टाकलं. चव लागली नाही.

संध्याकाळी नात दारात होती.

"आबा, दूध?"

किती दिवसांनी बोलली होती.

"संपलं, राणी." तो उंबऱ्यावर बसला.

तिनं पेला त्याच्या मांडीवर पालथा घातला आणि शेजारी बसली. त्याचा हात तिच्या केसांकडे निघाला, नखं दिसली, तसा मागे फिरून मांडीखाली गेला. मग तिनंच डोकं त्याच्या दंडाला टेकवलं.

तो हलला नाही.