कडेची तीन अक्षरं

घड्याळजींची नजर गेली, पण रोमन सम्राटांच्या काशाच्या नाण्यांचा नाद काही सुटला नाही. मग बायकोच त्यांचे डोळे झाली. भिंग घेऊन ती खिडकीशी बसायची आणि दिसेल ते सांगायची, "अहो, हा दाढीवाला. मान जाड. डोक्यावर पानांची माळ." ते वजन विचारायचे, मागच्या बाजूला कोण उभं आहे ते विचारायचे, कडेची अक्षरं एकेक करून वाचायला लावायचे आणि मग सम्राटाचं नाव सांगायचे. ती ते पाकिटावर लिहायची. सुरुवातीला तिला सगळे राजे एकाच आईची पोरं वाटायचे, पुढेपुढे ती लांबूनच ओळखून म्हणायची, "आला बघा तुमचा नाकाड्या!" उभ्या संसारात दोघांनी इतक्या गप्पा कधी मारल्या नव्हत्या.

घड्याळजींना हुरहुर एकच. जेमतेम तीन आठवडे गादीवर टिकलेला एक म्हातारा सम्राट त्यांना हवा होता. त्याच्याच नावाच्या नातवाची नाणी ढिगाने मिळतात, आजोबांची मिळता मिळत नाहीत. आजोबांची खूण म्हणजे नावापुढची ए, एफ, आर ही तीन अक्षरं. नवं नाणं आलं की ते आधी तेच विचारायचे, आणि ती खरं तेच सांगायची, नाहीत.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, त्यांचं हृदय आता फार दिवस साथ देणार नाही. घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले, जेवलेही नाहीत. तिला राहवेना. डब्यात तपासायचं राहिलेलं एक नाणं होतं, ते तिने काढलं. चेहरा कुणा म्हाताऱ्याचा, पण कड पार गुळगुळीत.

"अक्षरं आहेत का गं?" त्यांनी सवयीने विचारलं.

"आहेत," ती बोलून गेली.

ते उठून बसले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तिचा जीव भांड्यात पडला. पण एवढा आनंद झालेला माणूस गप्प बसत नाही, हे तिला कळायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी संग्रहालयातल्या नाणेतज्ज्ञ बाईंना फोन केला.

बाई आल्या. बायको दारातून त्यांना डोळ्यांनी विनवत होती, पण बाईंचं सगळं लक्ष नाण्यात. "काका, कड पूर्ण झिजली आहे हो. इथे एकही अक्षर नाही. आणि चेहराही त्याचा नाही."

घड्याळजींनी त्यांचे आभार मानले. त्या गेल्यावर बराच वेळ ते डब्यातल्या पाकिटांवरून बोटं फिरवत राहिले.

"मग उरलेल्या तीनशे अकरा नाण्यांचं काय?"

"अहो, शपथ घेऊन सांगते, एवढं एकदाच. बाकीचं सगळं खरं आहे हो."

"असेल," ते म्हणाले.

तिला रडू फुटलं. सात वर्षं ती अक्षर न् अक्षर खरं वाचत आली होती, आणि ते पटवायला तिच्याजवळ तिच्या शब्दाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "खिडकीशी बसायचं का?"

"नको, राहू दे," ते मऊपणे म्हणाले. "तुला उगाच त्रास."

परक्या बाईशी बोलावं तसं ते बोलले, आणि पुढेही तसंच बोलत राहिले.