मूठभर अक्षता

माझा भाऊ बाळा मिलमध्ये माग चालवायचा. संप झाला, मिलला टाळं लागलं आणि घाटकोपरला आमच्या खोलीत येऊन जो खाटेवर आडवा झाला, तो झालाच. जेवायला हाक मारली की उठायचा, एवढंच. मी बोलून बोलून थकले. भिंतीला कान असतात म्हणे, ह्याला नव्हते.

मी नंदकिशोर साहेबांकडे पोळ्या लाटायला जायचे. त्यांनी कुवेतहून शर्यतीच्या गाड्या आणल्या होत्या. काडेपेटीपेक्षा जराशा मोठ्या. गाडीखालची पिन ट्रॅकच्या चिरेत बसवायची, चिरेलगतच्या लोखंडी पट्ट्यांतून करंट मिळाला की गाडी सुसाट. मुलुंडला दुकान काढून तिथे मुलांना ह्या पळवू द्यायच्या, असा साहेबांचा बेत. गाड्या सांभाळायला माणूस हवा होता. मी लाज गुंडाळून ठेवून बाळाचं नाव सुचवलं.

साहेबांनी सगळ्यांत मठ्ठ गाडी आणि ट्रॅकचे दोन तुकडे दिले. म्हणाले, "दसऱ्याला मित्र जमतात, तेव्हा शर्यत लावू. ही पहिली आली तर दुकानात तुमचा भाऊ."

आणि बाळा उठला, देवाशप्पथ उठला. चाकाच्या दांडीत गुंतलेला केस सुईने काढला. टायर पॉलिश पेपरवर घासून सारखे केले. पोटाखाली शिशाचा तुकडा चिकटवला. मी विचारलं, हे कशाला रे मेल्या?

"वजन खाली ऱ्हवला की वळणावर उडाची नाय, ताये."

तेल तर सुईच्या टोकावरचा थेंब. मी म्हटलं, एवढी काटकसर माझ्या फोडणीत कर. तो हसला. मला इतकं बरं वाटलं की बांगडे आणले.

दसऱ्याला आंघोळ करून त्याने गाडी पाटावर ठेवली. मिलमध्ये दर दसऱ्याला मागाची पूजा व्हायची, बाळाने ती कधी चुकवली नव्हती. आता मशीन म्हणून त्याच्याकडे एवढीच. कुंकवाचं बोट टेकलं तर अर्धी गाडी लाल. मग डोळे मिटून मूठभर अक्षता टाकल्या, मागावर टाकायचा तशाच. गाडी दिसेनाशी झाली. मी म्हटलं, बुडाली रे ती. त्याने फुंकर मारून तांदूळ उडवले. मीही हात जोडले.

साहेबांच्या हॉलमध्ये पहिल्या फेरीत आमची गाडी सगळ्यांच्या पुढे. वळणावर हललीसुद्धा नाही. साहेब म्हणाले, "झकास." दुसऱ्या फेरीत कर्र आवाज आला आणि ती थांबली. आत मोटर गुंगुं करत होती, चाक फिरेना.

साहेबांनी वरचं झाकण काढलं. आतल्या दातेरी चाकांमध्ये कुंकवाचा एक तांदूळ अडकला होता, दाते तासले गेले होते. मित्र हसले. साहेब हसले नाहीत, ते मला जास्त लागलं.

"रुक्मिणीबाई, पोरांच्या हातात द्यायच्यात गाड्या," ते हळूच म्हणाले. "असं करून नाही चालायचं." मग रीत म्हणून दोघांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

घरी येताना बाळा एकदाच बोलला.

"मागार मूठमूठ टाकायचंव गो ताये. माग कधी थांबूक नाय."

रागवायचं तरी कोणावर? देवावर रागवायची सोय नाही.

मी भात वाढला, हाक मारली. त्याने ताटाकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आता जेवायलासुद्धा उठत नाही.