उरलेल्या गोळ्यांचा डबा

अनुजाचं, माझ्या नातीचं, लग्न झालं ते २०२३ साल. मांडव उतरला आणि महिन्याभरात तिच्या आईचं, म्हणजे माझ्या सुनेचं, ऑपरेशन ठरलं. गर्भपिशवीत बारीक गाठ होती, ती दुर्बिणीतून काढायची. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. सून संयोगिता निवांत होती. घायकुतीला आले होते ते आमचे मालक, जोतीराम.

कारण फडताळातल्या बिस्किटाच्या डब्यात होतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत शिळी भाकरी म्हशीला आणि उरलेली गोळी डब्यात, अशी रीत. त्याच्या दोन वर्षं आधी दुसऱ्या एका दवाखान्यात माझी पिशवी साफ केली, तेव्हा दुखण्यावर कडक गोळ्या दिल्या होत्या, पाकिटंच्या पाकिटं. मी एक खाल्ली, घर गरगर फिरलं. बाकीच्या डब्यात टाकल्या. शेजारणींच्या उरलेल्याही त्यातच आल्या. मालकांचे गुडघे धरले तसे ते त्यातली एकेक खाऊ लागले. आधी कधीमधी, मग रोज.

जन्मभर त्यांनी म्हशीची धार काढलेली. आता गोळी खाऊन बसले की डुलकी लागायची, चंद्री म्हैस लाथ मारायची, दुधाची चरवी आडवी. एकदा तर तेच आडवे झाले. पोरगा आकाराम म्हणाला, "आबा, उद्यापासनं धारंला मी बसणार." त्या दिवशी मालक जेवले नाहीत. त्यांचं म्हणणं एकच, गोळीशिवाय गुडघा मुडपत नाही. आणि डबा तर तळाला गेलेला. म्हणून सुनेच्या ऑपरेशनवर नजर.

ऑपरेशन झालं. संध्याकाळी डॉक्टर तेजस्वी मॅडमनी दोन तऱ्हेच्या साध्या गोळ्या दिल्या. "दुखायची वाट बघू नका, वेळेवर घ्या. ओटीपोटाला गरम पाण्याची पिशवी धरा."

नेसरीहून आलेली माझी नणंद शालूबाई फणकारली, "ऑपरेशन केलंसा आन् तापाच्या गोळ्या देताय व्हय?"

"मावशी, एवढ्याशा ऑपरेशनला एवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर फोन करा, मग बघू."

मालक पुढं सरसावले. "मॅडम, पोरगी सोसणारी हाय, बोलायची न्हाय. चांगलं पाकीटभर कडक लिवा की!"

संयोगिता खाटेवर बसून चहात खारी बुडवत होती. "पाळीत दुखतंय तेवढंच दुखतंय, मामा."

"गप! तुला काय कळतंय?"

"मला न्हाय कळत, पण चंद्रीला कळतंय. तिच्या लाथंला इचारा."

आम्ही सगळ्या हसलो. मॅडम हसल्या नाहीत. स्टूल ओढून मालकांसमोर बसल्या. "आबा, गोळी तुम्ही खाता?"

मालक छताकडं बघू लागले. मग मीच सगळं सांगितलं.

"गुडघा दुखतो हे खरंच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ही गोळी एकदम सोडायची नाही, त्रास होईल. उद्या डबा घेऊन या. इथले हाडांचे डॉक्टर बघतील, हळूहळू कमी करू."

"आन् धार?"

"डोळ्यांवरची झापड उतरली की बसा."

दुसऱ्या दिवशी मालक डबा छातीशी धरून निघाले. शालूबाई मागून ओरडली, "निवद निघालाय जणू!" येताना डबा रिकामा होता.

पुढचे काही आठवडे कठीण गेले. झोप नाही, घाम, सगळ्यांवर डाफरणं. गुडघ्याचा व्यायाम मात्र शिव्या देत देत केला. हाडांच्या डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही म्हणून सांगितलेलं. आकारामनं जुन्या फळीचा बुटका पाट ठोकून आणला.

"पाटावर बसून धार? गल्ली हसंल!"

"हसू दे की," मी म्हटलं. "पडलासा तवा काय रडली व्हती?"

बसले. चंद्रीनं पाट हुंगला, कान हलवले आणि गप उभी राहिली. चरवी फेसानं भरली. मालकांनी ती आकारामच्या हातात दिली आणि म्हणाले, "उद्यापासनं तू निजून ऱ्हा."

संयोगिता तर केव्हाच कामाला लागली होती. तिच्या थोड्या साध्या गोळ्या उरल्या होत्या. तिनं मुद्दाम विचारलं, "मामा, डब्यात टाकू काय?"

"डब्यात आता चिवडा हाय," मालक म्हणाले.

मालक २०२५च्या माघात गेले. हृदय बंद पडलं. त्या सकाळची धार त्यांनीच काढली होती.