वरच्या मजल्याचा दिवा

उम्म राकानने कणकेने माखलेले हात झग्याला कसेबसे पुसले, वरच्या मजल्यावरच्या बोर्डाचं झाकण काढलं आणि हिरव्या-पिवळ्या तारेचा स्क्रू उलटा फिरवला. तार सैल पडली. झाकण लावून, स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकून ती खाली उतरली, तोच फाटकाशी नगरपालिकेची गाडी थांबली.

हा मजला तिने आणि तिच्या नवऱ्याने मुलासाठी, राकानसाठी चढवला होता. इरबिद शहरात सगळेच चढवतात. मुलगा मोठा झाला की बापाच्या छतावर त्याचं घर. बाप गेला. राकान जर्मनीला गेला आणि तिथलाच झाला. काही महिन्यांपूर्वी त्याने फोनवर सांगितलं होतं, की मजला रिकामा कशाला ठेवतेस, भाड्याने दे, एका मास्तरांचं कुटुंब तयार आहे. पण तपासनिसाने वायरिंग पास केल्याखेरीज मीटर मिळत नाही, आणि मीटरवाचून कोण राहायला येणार?

पहिल्या तपासणीत ती तार खरोखरच सैल निघाली होती. तपासनीस अबू हमदानने तिला बोलावून दाखवलंही, की ही अर्थिंगची तार, ही ढिली असली आणि वीज कुठे पाझरली, तर नुसता फ्रिजला हात लावणाराही जायचा. त्याने नापास केलं. त्या संध्याकाळी रिकाम्या खोल्यांतून फिरताना तिला वाटलं, चला, अजून हे राकानचंच आहे. वायरमन तार आवळून गेला. तिने ती पुन्हा सैल केली. तेव्हापासून हेच चाललं होतं. वाट बघायला कुणाला उंबरा पुरतो, कुणाला खिडकी. तिला एक स्क्रू पुरत होता.

आज अबू हमदान बराच वेळ वर राहिला. खाली आला तेव्हा रुमालाने बोटं पुसत होता. रुमालाला कणीक लागली होती.

"वायरमनला डोळे तपासायला पाठवलं होतं मी, मावशी," बसता बसता तो म्हणाला. "बिचाऱ्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले निघाले."

तिने कडू कॉफी ओतली. त्याने कप घेतला आणि ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवला.

किटली तिच्या हातात तशीच राहिली. पाहुण्याने कप असा ठेवला की त्याचं काही मागणं असतं. ते मान्य झाल्याशिवाय तो पीत नाही, आणि पाहुण्याची कॉफी गार होऊ देणाऱ्या घराची गावभर शोभा होते. तिच्या सासऱ्यांसमोर माणसांनी असे कप ठेवून खुनाची वैरं मिटवली होती. तारेपायी कुणी ठेवलेला तिने पाहिला नव्हता.

"एवढं काय मोठं मागायचंय तुला?"

"मोठं नाही."

कपावरची वाफ विरळ होत चालली.

"मास्तरांची धाकटी आता उभी राहायला लागलीय म्हणे," भिंतीकडे बघत तो म्हणाला. "हाताला येईल ते धरून."

तिने किटली खाली ठेवली. झग्यावरचं वाळलेलं पीठ नखाने खरवडलं. मग कपावर तळहात धरून पाहिला. ऊब अजून होती.

"पी," ती म्हणाली. "तुझं मागणं माझ्या डोक्यावर."

त्याने एका घोटात कप रिकामा केला.

"मग तुमच्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर द्या."

तिने तो काढून दिला. तो वर गेला. ती अंगणात, अंजिराखाली येऊन उभी राहिली. दिवस कलला होता. त्याने तार आवळली, खालच्या घरातून चाचणीपुरती वायर ओढली आणि बटण दाबलं. बांधल्यापासून काळी असलेली ती खिडकी उजळली; उजेडाचा चौकोन अंजिराच्या पानांवर, तिथून तिच्या पावलांवर उतरला.

समोरच्या गच्चीवर उम्म शिरीन धुणं काढता काढता थांबली.

"अगं, राकान आला की काय?"

उम्म राकान खिडकीकडे बघत राहिली.

"नाही गं," ती म्हणाली. "मास्तरांची पोर यायचीय."

वरून बटणाकडे जाणाऱ्या पावलांचा आवाज आला. तिने मान वर केली.

"अबू हमदान, दिवा लगेच घालवू नकोस रे. राहू दे जरा."